पंधरा टक्क्यांवरचा उजेड

सकाळी साडेनऊला सभागृहात शिरल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर लाईटचा कन्सोल, म्हणजे सगळे लाईट चालवायचं टेबल, पुसला. धूळ, चहाच्या कपांचे गोल डाग आणि ग्रँड मास्टरच्या फेडरवर (सगळे लाईट एकदम कमी-जास्त करणारी सरकती दांडी) आडवी मारलेली काळी चिकटपट्टी. ती ओढून काढली, खाली राहिलेला चिकटा नखानं खरवडला. संध्याकाळी सातला नाट्यस्पर्धेचा प्रयोग होता आणि मला टेबल स्वच्छ लागतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे दिवसभर मी किती हुशारी केली ते वाचणाऱ्याला नीट मोजता येईल.

तर्री पोहे खाऊन अकराला फोकस करायला घेतलं आणि स्टेज नाचायला लागलं. सोळा एलईडी पार, म्हणजे डब्यासारखे रंगीत लाईट; त्यातले चार माझे, बाकी सभागृहाचे. निळा वॉश, म्हणजे स्टेजभर सारखा निळा उजेड, दिला की मधूनच दोन-तीन पार लखकन पांढरे व्हायचे. एक मूव्हिंग हेड, म्हणजे मोटरवर फिरणारा लाईट, आपण होऊन मान झटकायचा. दिग्दर्शिका मॅडम म्हणाल्या, "व्होल्टेज कमी-जास्त होतंय बहुतेक." लाईट लुकलुकला की नागपुरात प्रत्येक जण इलेक्ट्रिशियन होतो. तरी मीटर लावून दाखवला : फेज-न्यूट्रल २२८, न्यूट्रल-अर्थ २. वीज ठीक होती. आणि मूव्हिंग हेड मान झटकतो तेव्हा दोष बहुधा सिग्नलमध्येच असतो.

कन्सोल बाजूला काढून त्या जागी लॅपटॉप आणि डीएमएक्सचा (लाईटना हुकूम पोचवणाऱ्या सिग्नलचा) डोंगल लावला. नाच तसाच. म्हणजे कन्सोल निर्दोष, असा निकाल मी बारा वाजताच देऊन टाकला. दिवसातली सगळ्यात महाग चूक ती.

मग लाईन धरली. डीएमएक्समध्ये एका वायरीवरून ५१२ चॅनेल जातात, सेकंदाला अडीच लाख बिट, एक बिट जेमतेम चार मायक्रोसेकंदाचा. वायर एका लाईटमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळेसारखी न्यायची, मध्ये फाटा फोडायचा नाही, आणि शेवटच्या लाईटवर १२० ओहमचा टर्मिनेटर लावायचा. तो नसला तर सिग्नल टोकाला आपटून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये घुसतो. इथे काय होतं? माईकची केबल, मध्ये वाय जोडून दोन फाटे, टर्मिनेटर नाही. लग्नाच्या डीजेवाल्यांची सवय, दुसरं काय. त्यांच्या चार पारना चालतं म्हणून सगळीकडे चालतं. सभागृहवाले टेंडर काढून लाईट घेतात, केबल मात्र कधी कोणी विकत घेतलेली मी पाहिली नाही.

गाडी काढून सीताबर्डीला गेलो. व्हरायटी चौकात जितका वेळ अडकलो, त्याच्या पावपटही दुकानात लागला नाही. १२० ओहमचे रेझिस्टन्स घेतले, तपकिरी-लाल-तपकिरी पट्ट्यांचे, काही रुपयांचा माल. परत येऊन मेल प्लगच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनमध्ये एक सोल्डर केला, झाला टर्मिनेटर, फाटे तोडून सरळ माळ केली, माझी चांगली केबल टाकली. अडीचला नाच थांबला. मदतीच्या पोऱ्यानं टाळ्या वाजवल्या. मीही थोडा फुललो, खोटं कशाला बोलू.

साडेतीनला तालीम. तिसऱ्या प्रवेशात म्हातारी खाटेवर एकटी बसलेली असते, वरून एकच अंबर वॉश, पंधरा टक्के, चार मिनिटं काही हलत नाही. आणि तो उजेड थरथरत होता. लखलख नव्हे, तापात ओठ थरथरतात तसा.

कन्सोलला मी आधीच सोडून दिलं होतं, म्हणून दीड-दोन तास पारच्या मागे लागलो. अ‍ॅड्रेस बदलले, मोड बदलले, पार अदलाबदल केले. लाईन सुधारल्यावर लॅपटॉप परत लावून बघायला हवा होता. दोन मिनिटांचं काम, सुचलंच नाही.

काका, म्हणजे तिथले जुने ऑपरेटर, चारला ड्युटीवर आले होते. मागच्या रांगेत बसून चहा पीत बघत होते. मागच्या वर्षी एका प्रयोगाला मी त्यांना "काका, तुम्ही राहू द्या" म्हणालो होतो. सहाला ते उठून आले.

"पट्टी कायले काढली बापू?"

"कोणती पट्टी?"

"मास्टरवरची. तिच्यानंच तर चालू होतं."

मी स्क्रीनकडे पाहिलं. फेडरला हात न लावता आकडा ९८, १००, ९९. आतला ट्रॅक झिजलेला. डीएमएक्समध्ये पूर्ण उजेड म्हणजे २५५, तेव्हा पंधरा टक्के म्हणजे ३८. मास्टर एक-दोन टक्के हलला की ३८ चा ३७ होतो, आणि अंधारात डोळ्याला तो एक आकडाही दिसतो. जुन्या हजार वॅटच्या हॅलोजनची फिलामेंट तापायला-निवायला वेळ घ्यायची, असली थरथर ती गिळून टाकायची. एलईडी काही गिळत नाही. सभागृहात एलईडी आले आणि काकांनी फेडर वर दाबून पट्टी मारली. मी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहिला, दहा मिनिटं बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी पट्टी काकांनीच मारली.

"चारला सांगितलं असतं तर," मी म्हणालो.

"तू कोनाले विचारतं का?"

मॅडमना मी सांगितलं की कन्सोलमध्ये फॉल्ट होता. ते खरंच होतं. सकाळचं सांगितलं नाही.

प्रयोग चांगला झाला. फक्त दुसऱ्या अंकात डावीकडून तिसरा पार एकदा लखकन पांढरा झाला. कोणाच्या लक्षात आलं नाही, काकांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. पट्टी जागेवर होती, आणि पट्टीचा दोष असता तर सगळेच पार हलले असते. परवा जाऊन कन्सोलच्या टोकाकडून लाईन मोजली : ११८ ओहम, टर्मिनेटरच्या १२० च्या जवळच, म्हणजे ठीक. वायर ठिकठिकाणी हलवली, आकडा हलला नाही. तो पार माझ्याच चारांपैकी, म्हणून घरी आणलाय. आत्ता टेबलावर पंधरा टक्क्यांवर लावून ठेवलाय. दोन तास झाले, एकदाही हललेला नाही.