डिजिटल केबल बिघडली की ऐकू काय येतं?

‘केबल बदलली आणि बास भरीव झाला, गायिकेचा आवाज पुढे आला.’ असं वर्णन ॲनालॉग वायरबद्दल असेल तर निदान वाद घालता येतो. डिजिटल वायरबद्दल असेल तर ते बसतच नाही. बास वाढायचा तर लाखो सॅम्पलचे (आवाजाच्या क्षणाक्षणाच्या मोजमापांचे) आकडे एकमेकांच्या हिशेबाने बदलावे लागतात. ते काम इक्वलायझरचं. वायर फार तर एखादा बिट चुकवते, आणि तोही कुठलाही. १६ बिटांच्या सॅम्पलमधला सर्वांत वजनदार बिट उलटला की आकडा ३२,७६८ ने उडी मारतो आणि स्पीकरमधून ‘टक्’ येतं. चुका वाढल्या की टकटक, मग तुटक आवाज, मग शांतता. ‘जरासा बोथट’ अशी पायरी मध्ये नसतेच.

कोॲक्सियल (तांब्याच्या तारेतून जाणाऱ्या डिजिटल) जोडणीत ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला सेकंदाला २८,२२,४०० बिट जातात. त्यासाठी ७५ ओहमची केबल लागते, कारण केबल आणि उपकरणांचे ओहम (इम्पिडन्स) जुळले नाहीत की सिग्नलचा काही भाग टोकावरून परत फिरतो. घरातली लाल-पांढरी ऑडिओ वायर एखाद्या मीटरला बहुधा चालून जाते, लांबी वाढली की दगा देऊ शकते. व्हिडिओची पिवळी वायर मात्र ७५ ओहमसाठीच बनवलेली असते, तीच लावा. गंमत म्हणजे अशा वायरींच्या टोकाचा, सोन्याचा मुलामा दिलेला आरसीए प्लगही स्वतः नेमका ७५ ओहमचा नसतो. तो मान बीएनसी या फिरवून बसवायच्या प्लगचा.

जिटरचा, म्हणजे सिग्नलच्या वेळेतल्या डळमळाटाचा, मुद्दा मात्र खोटा नाही. कोॲक्सियल आणि ऑप्टिकलमध्ये (प्रकाशाने डेटा नेणाऱ्या केबलमध्ये) घड्याळ, म्हणजे सॅम्पलचा ताल, त्याच सिग्नलमध्ये मिसळलेलं असतं. वाईट केबलमुळे सिग्नलचे चढउतार किंचित मागेपुढे सरकतात आणि डॅकला (आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या उपकरणाला) त्यातूनच वेळ काढायची असते. पण चांगला डॅक हा डळमळाट स्वतःच गाळून टाकतो. असिंक्रोनस यूएसबीत तर घड्याळ डॅकचंच असतं आणि संगणक त्याच्या तालाने डेटा पाठवतो.

यूएसबी लावल्यावर माउस हलवला की चिरचिर ऐकू येते किंवा ५० हर्ट्झची घुरघुर येते, हा बहुतेक वेळा ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या ग्राउंडच्या तारांतून फिरणारा नको असलेला प्रवाह, असतो. तारेतलं तांबं कितीही शुद्ध असलं तरी तो जात नाही, कारण तांबंच त्याची वाट आहे. ऑप्टिकल लावा, त्यात दोन उपकरणांमध्ये विजेचा संबंधच उरत नाही. नवीन ऑप्टिकल केबलच्या टोकावरचं प्लास्टिकचं टोपण तेवढं काढा. ते राहून गेल्यामुळे ‘केबल खराब’ म्हणून परत गेलेल्या केबल कमी नसतील. केबल करकचून वाकवू नका आणि १९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची फार आशा धरू नका.

खात्री करायची तर कानांना त्रास देऊ नका. डिजिटल इन आणि आउट दोन्ही असलेला ऑडिओ इंटरफेस घ्या आणि आउटमधून इनमध्ये तीच केबल लावा. घड्याळ इंटरनल ठेवा. सॉफ्टवेअरचा व्हॉल्यूम १००, डिदर (सॉफ्टवेअर मुद्दाम मिसळतं तो बारीक आवाज) बंद, सॅम्पल रेट सगळीकडे सारखा. २४ बिटची वेव्ह फाइल वाजवा आणि २४ बिटमध्येच रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकाखाली एक घेऊन सॅम्पलपर्यंत झूम करून जुळवा, एक ट्रॅक इन्व्हर्ट (उलटा) करा आणि मिक्स करा. उरायला हवं निव्वळ शून्य. अगदी कमी आवाज नव्हे, शून्य. एखादा सुटा काटा उभा राहिला तर केबल बिट गाळते आहे. मूळ गाणंच अंधुकसं उरलं तर दोष केबलचा नाही. कुठेतरी व्हॉल्यूम, मिक्सर किंवा रीसॅम्पलिंग मध्ये आलं आहे. विंडोजमध्ये हे हमखास होतं, तिथे वासापी एक्सक्लुझिव्ह मोड (विंडोजचा मिक्सर टाळणारा मार्ग) लावून पुन्हा करा.