नऊ पाऊणे पावणेसात

दुपारी दुधाचे खाडे मोजायला कॅलेंडरसमोर उभा राहिलो, तर आज नवमी. तोंडातून आपोआप निघालं, ‘नऊ पाऊणे पावणेसात.’ म्हणजे पावणेसातला खाडीत पाणी भरणार, म्हणजे पाचला घराबाहेर पडायला हवं. दुधाचा हिशेब तिथेच राहिला.

ही पाऊणकी आजोबांची. गावी खाडी ओलांडायला तर, म्हणजे होडी, होती, आणि तरीवर आत्ता निघायचं की अजून एक चहा घ्यायचा, हे ते घड्याळाआधी तिथीला विचारायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, पण होडीला तेवढं चालायचं. ओहोटीला होडी काठापर्यंत यायचीच नाही, मग गुडघाभर चिखल तुडवत जायचं. आजी लुगडं वर खोचून चिखलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मी निवट्यांच्या मागे लागायचो. निवटी मासा असून पाण्याबाहेर बसते, डोक्यावरचे डोळे फिरवून आपल्याकडे बघते, आणि हात पुढे केला की बिळात. एकही कधी हाती लागली नाही. आजोबा काठावरून ओरडायचे, पण त्या ओरडण्यात जोर नसायचा. बहुधा त्यांनाही चिखलात उतरायचं असावं.

आता नवी मुंबईत नेरुळला राहतो. पाम बीच रस्ता ओलांडून टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे गेलं की तिवरांपलीकडे ठाण्याची खाडी. वाट सपाट, गुडघ्यांची तक्रार नाही. पाणी चढू लागलं की लांब चिखलात पांगलेली पाखरं काठाकडे सरकतात. दुर्बीण घरी राहिली तरी चालतं. नवमीची भरती भांगाची, म्हणजे कमी पाण्याची. सगळा चिखल बुडत नाही, त्यामुळे पाखरांना घाई नसते. पौर्णिमेच्या उधाणाला मात्र खाणं अर्धवट टाकून सगळी उठतात आणि आतल्या पाणथळीत जाऊन बसतात.

लोक येतात ते फ्लेमिंगोंसाठी. शहरात त्यांचे पुतळे आहेत, खाडीत 2015 पासून त्यांच्या नावाचं अभयारण्य आहे, 2022 मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेलं. मलाही ते आवडतात. डोकं उलटं करून चिखलपाणी गाळत तासन्‌तास जेवणारा पक्षी कोणाला आवडणार नाही? पण हजारोंचा थवा बघताना एकही पक्षी नीट बघितला जात नाही, ही माझी जुनी कुरकूर. शेकाट्याचं तसं नाही. मूठभर अंग, खाली लांबच लांब गुलाबी काड्या, आणि ओरडणं असं की सातबाऱ्यावर खाडी त्याच्याच नावाची.

आणि छोटा टिलवा. चिखलावर चिखलाच्याच रंगाचा, त्यामुळे हलला तरच दिसतो. हलतो मात्र सतत. वजन 25-30 ग्रॅम. उन्हाळ्यात हा आर्क्टिकच्या टुंड्रात अंडी घालायला जातो, आणि वाटखर्चाची चरबी याच चिखलातल्या किड्यांवर साठवतो. चिखल उघडा पडेल तेव्हाच त्याचं ताट वाढलेलं. ओहोटी रात्री दोनला असेल तर जेवण रात्री दोनला. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, तसं त्याचंही सगळं वेळापत्रक सरकतं. आजोबांना हे सांगायला हवं होतं. यावरून मला पुढे काहीतरी सुचलंही होतं, पण तेवढ्यात खंड्या सूर मारून गेला आणि ते राहिलं.

20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर फ्लेमिंगोंचा थवा उतरत्या विमानाला धडकला. तीसहून अधिक पक्षी खाली पडले, वस्तीत, गल्ल्यांमध्ये. त्या दिवशी द्वादशी होती. द्वादशीला नऊ, आणि विमान उतरलं तेही नऊच्या सुमारासच. या हिशेबातून काही सिद्ध होत नाही. तरी मी तो केला.

खाडीकाठी मोठी लेन्स घेऊन एक जण नेहमी भेटतो. आजही विचारलं, ‘‘काका, काही मिळालं?’’

‘‘शेकाटे.’’

‘‘ते तर रोजचेच हो.’’

रोजचेच. असू देत की.