दाखाऊ : न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेलेली जागा

नाझी राजवट म्हटली की आपल्यापुढे दुसरे महायुद्ध, ऑशविट्झ आणि गॅस चेंबर उभे राहतात; म्हणजे त्या राजवटीची शेवटची वर्षे. मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने म्युनिकला जाणे झाले तेव्हा जवळची दाखाऊ छळछावणी पाहिली, आणि नागपुरात आयुष्यभर वकिली केलेल्या मला तेथे सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते १९३३ सालाने.

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाला. २७ फेब्रुवारीच्या रात्री राईशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या सहीने निघालेल्या अध्यादेशाने व्यक्तिस्वातंत्र्य, भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य आणि टपालाची गोपनीयता हे हक्क पुढील आदेशापर्यंत स्थगित केले. तो पुढील आदेश नाझी राजवट संपेपर्यंत आलाच नाही. २० मार्चला म्युनिकचा पोलीसप्रमुख असलेल्या हिमलरने पत्रकारांना बोलावून सांगितले की दाखाऊजवळच्या जुन्या दारूगोळा कारखान्यात ५,००० कैद्यांसाठी छावणी उघडत आहे. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत छापून आले आणि २२ मार्चला पहिले कैदी दाखल झाले. लपूनछपून काहीच झाले नाही. कैदीही परके नव्हते. ते जर्मनच होते, कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, कामगार संघटनांचे कार्यकर्ते. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, शिक्षेची मुदत नव्हती, आणि त्यांना न्यायाधीशासमोर उभे करण्याची गरजही कोणाला वाटत नव्हती, कारण या कैदेला ‘संरक्षणात्मक कोठडी’ असे नाव दिलेले होते. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे, हे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २२ मधील वाक्य आम्ही वकील रिमांडच्या वेळी सवयीने उच्चारतो. ते वाक्य नसले तर काय होते, याचे उत्तर मला दाखाऊच्या प्रदर्शनाच्या पहिल्या काही दालनांत मिळाले.

या काळातली जी हकीकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही, ती योझेफ हार्टिंगर या सरकारी वकिलाची आहे. ११ एप्रिल १९३३ रोजी छावणीचा ताबा बव्हेरियाच्या पोलिसांकडून एसएसकडे, म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाकडे, गेला आणि १२ तारखेला चार कैद्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. ते पळून जात होते, असे एसएसने कळवले. चौकशीसाठी दुसऱ्याच दिवशी छावणीत पोहोचलेल्या हार्टिंगरच्या लक्षात आले की चौघेही ज्यू आहेत, आणि त्या खुलाशावर त्याचा विश्वास बसला नाही. पुढच्या आठवड्यांत आणखी मृत्यू झाले. त्यांतील काही आत्महत्या म्हणून कळवण्यात आले, परंतु मोरिट्झ फ्लाम या न्यायवैद्यक डॉक्टरने केलेल्या शवविच्छेदनांत मारहाणीच्या खुणा उघड झाल्या. जूनच्या सुरुवातीला हार्टिंगरने खुनाची प्रकरणे दाखल केली आणि छावणीप्रमुख व्हेकर्ले यालाही त्यांत गोवले. एक सरकारी वकील आणि एक डॉक्टर यांनी आपापले रोजचे काम चोख केले, एवढाच याचा अर्थ, आणि माझ्या मते हे धैर्य रणांगणावरच्या धैर्याच्या तोडीचे होते. ती कागदपत्रे वरच्या कार्यालयात दाबून ठेवण्यात आली. युद्धानंतर ती सापडली आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे आली.

व्हेकर्लेला हटवले गेले हे खरे, परंतु त्याच्या जागी आलेल्या थिओडोर आयकेने अधिक भयंकर काम केले. त्याने छावणीसाठी स्वतःची शिस्त आणि शिक्षेची नियमावली तयार केली, जिच्यात फटक्यांपासून देहदंडापर्यंत सर्व काही लेखी होते. पुढे तोच सर्व छळछावण्यांचा निरीक्षक झाला आणि दाखाऊची पद्धत इतरत्र गेली. नियम होते, रजिस्टर होते, सह्या होत्या. दाद मागण्याची जागा तेवढी नव्हती.

त्यानंतरच्या बारा वर्षांत चाळीसहून अधिक देशांतील दोन लाखांवर माणसे येथे आणि येथील उपछावण्यांत कोंडली गेली, आणि त्यांपैकी सुमारे ४१,५०० जणांचा जीव गेला. २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्य पोहोचले. मूळ बराकी आता नाहीत. दोन नव्याने बांधून दाखवल्या आहेत. दाहगृहाच्या परिसरात नूर इनायत खान यांच्या स्मरणार्थ फलक आहे. त्यांचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, गायकवाडांच्या आश्रयाने वाढलेल्या मौला बक्ष यांच्या संगीतपरंपरेतले. ब्रिटिशांच्या गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरलेल्या नूर यांना १३ सप्टेंबर १९४४ रोजी आणखी तीन स्त्रियांसह येथे ठार मारण्यात आले. तेथे मी बराच वेळ उभा होतो.

‘या देशाला एखादा हिटलरच पाहिजे’ हे वाक्य मी आमच्या बार रूममध्येही ऐकले आहे, सुशिक्षित माणसांच्या तोंडून, आणि आता ते ऐकून गप्प बसणे मला जमत नाही. आणीबाणी आणि नाझी राजवट यांना एका पारड्यात ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही, परंतु मिसाखाली, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करू देणाऱ्या तेव्हाच्या कायद्याखाली, स्थानबद्ध असलेल्यांच्या हेबियस कॉर्पस (बेकायदा कैदेला आव्हान देणाऱ्या) याचिका ऐकता येतात, असे ज्या उच्च न्यायालयांनी तेव्हा ठरवले त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते, हे आमच्या तरुण वकिलांना माहीत असायला हवे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते निर्णय फिरवले. विरोधातले एकटे मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निकाल रद्दबातल ठरवला.

म्युनिकला जाणाऱ्यांनी दाखाऊसाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा. म्युनिकहून लोकल गाडीने दाखाऊ स्थानक आणि तेथून बस असा सोपा मार्ग आहे, प्रवेशाला शुल्क नाही. बहुतेक पर्यटक घाईने दाहगृहाकडे वळतात. त्याआधी प्रदर्शनातील १९३३ चा भाग सावकाश वाचावा.