कासवाचा डीएनए शोधताना माणसाचाही सापडतो, त्याचं काय?

प्राचीन प्राण्यांवरचं रिसर्च वाचायचं मला भयंकर वेड आहे आणि त्यातला ग्रीनलँडचा शोध तर माझा एकदम फेव्हरेट. पार उत्तर टोकाला काप कोबेनहाव्न म्हणून जागा आहे, आज तिथे झाड औषधालाही सापडणार नाही. तिथल्या मातीचे नमुने २००६ मध्येच घेतलेले, पण एवढा तुटका डीएनए वाचता येईल असं तंत्रच नव्हतं म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिले, आणि मग डिसेंबर २०२२ मध्ये डॅनिश संशोधक एस्के विलरस्लेव यांच्या टीमचा पेपर 'नेचर'मध्ये आला. २० लाख वर्षं जुना डीएनए! त्यात मॅस्टोडॉन निघाला, म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला नातेवाईक, जो तिथवर पोचला असेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. हाड नाही, दात नाही, नुसती माती. चिकणमाती आणि क्वार्ट्झच्या कणांना डीएनए चिकटून बसला आणि थंडीमुळे टिकला.

मातीतून, पाण्यातून असा डीएनए काढायची पद्धत आता जिवंत प्राण्यांसाठीही सर्रास वापरतात, ईडीएनए (एन्व्हायर्न्मेंटल, म्हणजे परिसरातला डीएनए) म्हणतात त्याला. आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो.

फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत डेव्हिड डफी यांची टीम समुद्री कासवांच्या ट्यूमरवर काम करते, त्यासाठी ते वाळू आणि पाण्याचे नमुने घ्यायचे. त्यात माणसाचा डीएनए येत होता, आणि तोही इतका चांगल्या क्वालिटीचा की त्यांनी मुद्दाम परवानगी घेऊन तपासून बघितलं. वाळूत उमटलेल्या पावलांमधून डीएनए मिळाला! आयर्लंडमधल्या अव्होका नदीत गावाजवळच्या पाण्यात मिळाला, उगमापाशी नाही. एवढंच काय, प्राण्यांच्या दवाखान्यातल्या हवेतूनसुद्धा मिळाला. मे २०२३ मध्ये हे छापून आलं, त्यात आजारांशी संबंध असलेले म्युटेशन आणि वंशाची माहितीही कळू शकते असं स्पष्ट दिलंय.

आता कुणी म्हणेल, त्यावर नाव थोडंच लिहिलेलं असतं? पण २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात 'गोल्डन स्टेट किलर' हा सीरियल किलर कसा पकडला, तर त्याच्या लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या वेबसाइटवर टाकलेल्या डीएनएवरून. तो गुन्हेगार होता, पकडला ते बरंच झालं, पण रस्ता तर सगळ्यांसाठीच उघडा झाला ना. शिवाय शॉटगन सिक्वेन्सिंग नावाच्या डीएनए वाचायच्या पद्धतीत नमुन्यातलं जे असेल ते सगळं वाचलं जातं, आणि असा डेटा इतर संशोधकांना वापरता यावा म्हणून पब्लिक डेटाबेसवर टाकायची पद्धत आहे. जी अत्यंत चांगली पद्धत आहे, बंद पडायला नको, ग्रीनलँडसारखं काम त्याशिवाय पुढे जाणार नाही.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, पण त्यात जेनेटिक डेटाचा वेगळा वर्गच नाहीये, आणि तो मुख्यतः संमतीवर उभा आहे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला आपण अनवाणी जातो, उद्या कुणी तिथल्या वाळूवर असा अभ्यास केला तर संमती घेणार कुणाची? येऊन गेलेल्या सगळ्या पर्यटकांची? शक्यच नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं की जबाबदारी लॅबवर हवी. माणसाच्या डीएनएचे तुकडे डेटा अपलोड करायच्या आधीच गाळायचे, आणि जिथे गरज नाही तिथे फक्त त्या प्राण्याचा ठरावीक डीएनए शोधणारी टेस्ट करायची. हे आजही करता येतं, फक्त अभ्यासाला परवानगी देतानाच ती अट घातली पाहिजे.