रँडचा वध, गुण 2

आठवीचे सहामाहीचे पेपर तपासताना एकाच गठ्ठ्यात लागोपाठ दोन उत्तरपत्रिका आल्या. प्रश्न होता, ‘चाफेकर बंधूंनी रँडचा वध केला. सकारण स्पष्ट करा.’ (रँड म्हणजे पुण्यातल्या प्लेगच्या साथीत बंदोबस्तासाठी नेमलेला इंग्रज अधिकारी.) पहिलीत दीड पान मजकूर : 22 जून 1897 ची रात्र, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ, गणेशखिंडीचा रस्ता, ‘गोंद्या आला रे’ची आरोळी, दुसरा इंग्रज अधिकारी आयर्स्ट जागीच ठार. सगळं बरोबर, पण गुण मिळाला अर्धा. दुसरीत जेमतेम चार ओळी आणि पूर्ण 2 गुण.

पेपर वाटल्यावर ‘सर, एवढं लिहूनसुद्धा?’ हे येणारच होतं. फळ्यावर आडवी रेघ मारली, मधोमध 22 जून 1897 लिहिलं आणि मुलांना एकेक मुद्दा डावीकडे की उजवीकडे ते विचारत गेलो. प्लेगची साथ, रँडची नेमणूक, गोऱ्या सैनिकांच्या घरझडत्या : डावीकडे. दामोदर चाफेकरांची अटक, फाशी : उजवीकडे. टिळकांपाशी वर्गात दोन तट पडले. ‘केसरी’तली प्लेगच्या बंदोबस्तावरची टीका वधाआधीची, म्हणून डावीकडे. राजद्रोहाचा खटला आणि 18 महिन्यांची शिक्षा वधानंतरची, म्हणून उजवीकडे. बऱ्याच जणांनी हा खटलाच कारण म्हणून लिहिला होता. कारण विचारलंय तर फक्त डावी बाजू लिहायची. गोळी कशी झाडली हे रेघेवरचं वर्णन. वाचायला झकास, पण त्याला गुण नाही. रोज गणेशखिंडीच्या त्याच रस्त्यावरून शाळेत येणाऱ्या मुलांना तो मोह होतोच म्हणा.

डावीकडचं लिहूनही गुण जातात, कारण ‘इंग्रजांनी फार अत्याचार केले’ हे वाक्य 1857 पासून 1942 पर्यंत कुठेही चिकटवता येतं. कोणी, काय, कोणावर हे त्यात हवं : सैनिक घरात, देवघरात शिरले, सामान जाळलं, रोगी असल्याच्या संशयावरून माणसं बळजबरीने हलवली. त्या चार ओळींत नेमकं हेच होतं आणि शेवटी ‘यामुळे पुण्यात असंतोष पसरला व त्याचा सूड म्हणून चाफेकर बंधूंनी रँडचा वध केला’ असा विधानाला जोडणारा दुवा होता. हा दुवा सुटला की मुद्दे नुसते माहितीसारखे लोंबकळत राहतात.

वेळेचा हिशेबही तिथेच फळ्यावर मांडला. दहावीला बोर्डाच्या पेपरात 40 गुणांना 2 तास असतात, म्हणजे गुणामागे 3 मिनिटं. दोन गुणांचं उत्तर विचारासकट सहा मिनिटांत संपायला हवं. दीड पान लिहिणाऱ्याचा शेवटचा प्रश्न कोराच होता.

हाच विषय ‘टीप लिहा’ म्हणून आला, तर मात्र रेघेच्या दोन्ही बाजू लागतात. तेव्हा साथ एका वाक्यात आटोपायची, वधाचा दिवस आणि जागा सांगायची आणि 1898 मध्ये दामोदर यांना झालेल्या फाशीपर्यंत जायचं.