पोराचा ट्रॉम्बोन अन् माझा रविवार

आज अर्धा दिवस नागपूरच्या इतवारी बाजारात गेला, पोराला ट्रॉम्बोनच पाहिजे म्हणे, बँडमधलं ते फुंकायचं पितळी वाद्य. काहून? तर नळी मागेपुढे होते म्हणून! जुनाच घ्यायचा ठरलं होतं. पहिला पीस असा चकाचक की बायको म्हणे घेऊनच टाका, पण सोबत लग्नाच्या बँडमधले एक काका होते, त्यांनी तो उभा धरला, स्लाइडचं, म्हणजे त्या सरकत्या नळीचं, लॉक उघडलं अन् बाहेरची नळी हळूच खाली सोडली तर ती मधातच अडकली. "पॉलिश पाहू नका भाऊ, तांदळाएवढा पोचा असला तरी स्लाइड अडते." मग दुसरा घेतला, लॅकर, म्हणजे वरचा चकाकीचा थर, उडालेला पण स्लाइड लोण्यासारखी. साधा बी फ्लॅट टेनर, म्हणजे नेहमीचा प्रकार; ट्रिगरवाला (अंगठ्याच्या खटक्यानं जादा नळी जोडणारा) जड पडतो अन् महागही, लहान पोराला कशाला. हात सातव्या पोझिशनपर्यंत, म्हणजे स्लाइड पार लांब करायची तिथवर, पोचत नाही अजून, काका म्हणे सुरुवातीला तिथवर फारसं काम पडत नाही.

घरी आल्यावर पठ्ठ्यानं लॉक न लावताच उचलला, बाहेरची नळी घसरली, मी ती फरशीच्या वीतभर वर झेलली राजेहो! दोन मिनिटं बोलताच आलं नाही मला. आई तर स्लाइडला खोबरेल तेल लावायला निघाली होती, हिवाळ्यात गोठलं म्हणजे? स्लाइड क्रीम आणलंय, वरून पाण्याचा फवारा. धुवायचा तर कोमट पाण्यानंच, गरम पाण्यानं लॅकर जातं. वाजवून झाल्यावर 'वॉटर की', म्हणजे स्लाइडवरची छोटी कळ, दाबून आत साचलेलं पाणी काढायचं, आज ते माझ्या चपलेवर काढलं.

शेजारच्या काकूंनी विचारलं, म्हैस आणली का?