औंढ्याला गेलात तर देवळाच्या मागे जा

परभणीहून सकाळच्या एसटीने आईला घेऊन औंढा नागनाथला गेले. अंतर पन्नासेक किलोमीटर. मुद्दाम सोमवार टाळला होता, तरी रांग होतीच.

गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद तोंडातून उंच उंच पायऱ्या उतरायच्या आणि आत वाकूनच वावरायचं. चार-पाच माणसं झाली की घुसमटतं. गुडघे दुखत असतील किंवा कोंदट जागेत जीव घाबरत असेल तर हट्ट करू नका. आईनं वरूनच हात जोडले, मी खाली जाऊन आले.

बहुतेक मंडळी दर्शन झालं की थेट प्रसादाच्या दुकानात. खरं देऊळ बाहेरून बघायचं असतं. भिंत सरळ नाही, कोनाकोनांनी आतबाहेर होत जाते आणि प्रत्येक कोनावर मूर्ती. खाली हत्तींची ओळ, वर देवदेवता, बऱ्याच जणांची नाकं-हात तुटलेले. एका कोपऱ्यात पार्वती रुसून बसलीय आणि शंकर तिची समजूत काढतोय. आई तिथंच थबकली. "ह्यांच्याही घरी हेच का?" म्हणाली.

आता मान वर करा. काळा कोरीव दगड एका उंचीवर संपतो आणि वर वेगळंच, पांढरं शिखर सुरू होतं. खालचं काम यादवकाळातलं. मोडतोडीनंतर वरचं बांधकाम अहिल्याबाई होळकरांनी करवलं असं सांगतात. गाइड 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात, पण बिनचुन्याचे दगड एकमेकांत कसे बसवलेत ते सांध्यावर बोट फिरवून बघितल्याशिवाय कळत नाही. (मूर्तींना मात्र हात लावू नका.)

नंदी समोर दिसणार नाही, तो मागे आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे पाठवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा आहे. त्यांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले तेही इथंच.

दुपारी फरशी चटके देते, पायमोजे न्या. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी शिल्पं बघायचा विचारही नको. रेल्वेनं येणार असाल तर हिंगोलीला उतरा, तिथून पंचवीसेक किलोमीटर. परतीची बस मात्र आल्या आल्या विचारून ठेवा; आमची चुकली, मग जीपमध्ये मांडीला मांडी लावून आलो.